हिंगणावरचं लुगडं

आशाबाईच्या हातांना धुण्याची पावडर चालत नाही, हे आजूबाजूच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पुरुषांपैकी मात्र एकालाही ठाऊक नव्हतं. आशाबाईचा नवरा पुंजाराम त्या पुरुषांतलाच एक.

हिवरखेडच्या शिवाराला लागून त्यांचं घर. काळी जमीन, कपाशी, तूर, हरभरा. घरात दोघं नवराबायको, मुलगा नितेश आणि सून सीमा. खाऊनपिऊन सुखी म्हणावं असं घर. त्या घरात आशाबाईनं पहिली काही वर्षं सगळ्यांसारखीच पावडरनं धुणी धुतली. धुणं झालं की संध्याकाळी बोटांना खाज सुटायची, मग आग व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पेरांवर बारीक चिरा पडलेल्या असायच्या. अशा बोटांनी कपाशी वेचायची म्हणजे काय, ते वेचणी केलेल्यालाच कळेल. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. पांढऱ्या कापसाला रक्ताचं बोट लागू नये म्हणून आशाबाई बोटांना चिंध्या बांधून वेचायची.

पुंजारामनं एकदा त्या चिंध्या पाहिल्या.

"काय व, बोटाले काय झालं?"

"चिरलं."

"जपून काम करत जाय ना," असं म्हणून तो बैलांकडे निघून गेला. तिच्या हातांविषयी दोघांचं आजवर झालेलं बोलणं एवढंच.

अकोल्याच्या डॉक्टरनं मलम दिलं आणि रबरी हातमोजे घालून धुवा म्हणून सांगितलं. तिनं एक दिवस घातलेही. शेजारची शकुन दारावरून जाता जाता थांबली.

"काय व आशे, म्हशीची डिलेवरी करून राहिली का?"

हातमोजे त्याच दिवशी कोनाड्यात गेले, ते पुन्हा निघाले नाहीत.

उपाय सापडला तो सासूकडून. कौशल्याबाई सुनेशी बोलायची कमी आणि ओरडायची जास्त, पण एक दिवस सुनेच्या हातांकडे पाहून ती काही न बोलता टोपलं घेऊन शेतात गेली आणि टोपलंभर हिंगणबेटं, म्हणजे हिंगणाची फळं, घेऊन आली. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वावरांकडे जाणारी पांदण जिथे वळते तिथे, एक जुनं हिंगण होतं. बोटभर लांब हिरव्या काट्यांचं झाड. सावली जेमतेम, लाकूड कोणाला नको, बकऱ्यांखेरीज त्याची ओळख ठेवायला कोणी तयार नाही. थंडी सरता सरता त्याच्याखाली पिवळट फळं पडतात, खारकेएवढी. वरचं साल पापडासारखं फुटतं, आत चिकट तपकिरी गर असतो आणि मधे दगडासारखी बी. तो गर रात्री भिजत घालायचा, सकाळी कुस्करायचा, फडक्यातून नीट गाळायचा आणि त्या पाण्यात कपडे बुडवून ठेवायचे. फेस बेताचाच येतो. पावडरचा लखलखाट त्याला नाही, पण मळ सुटतो, सूत मऊ राहतं. आणि हात हातासारखे राहतात.

"माह्या लग्नाचा शालू म्या यानंच धुतला," कौशल्याबाई म्हणाली होती. "रेशमाले यासारखं दुसरं नाई. मंग तुह्या चामड्याले काय होते?"

तेव्हापासून आशाबाईचा हिंगणाशी संबंध जडला. दर वर्षी माघ-फाल्गुनात ती एकटीच जायची, काट्यांतून वाकून फळं वेचायची, छपरावर वाळवायची आणि न्हाणीजवळच्या मोठ्या माठात भरून ठेवायची. माठ भरला की वर्षभराची काळजी मिटली. घरातलं मऊ-जाड सगळं धुणं त्याच पाण्यात निघायचं. शेतातल्या कामाचे चिखलाचे कपडे तेवढे गड्याची बायको पावडरनं चोळून द्यायची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही. वऱ्हाडातल्या जुन्या बायांची एक रीत आहे. बाई घरभराचे कपडे धुईल, पण तिचं स्वतःचं लुगडं ती दुसऱ्याच्या हाती देत नाही. लेकीच्या नाही, सुनेच्या नाही. अंगात ताकद आहे तोवर आपलं लुगडं आपण पिळायचं. ज्या दिवशी ते दुसऱ्याच्या हाती गेलं त्या दिवशी बाई अंथरुणाला लागली असं समजायचं. कौशल्याबाई शेवटच्या आजारात पडली, तेव्हा आशाबाईनं तिचं लुगडं पहिल्यांदा धुवायला उचललं. म्हातारी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "गेलं व माय. माहं लुगडं तुह्या हाती गेलं." बाकीचं सगळं आजारपण तिनं मुकाट सोसलं. रडली ती त्या दिवशीच.

आशाबाईच्या मनात ते रुतून बसलं होतं. आपलं लुगडं आपल्या हाती राहावं, एवढंच तिचं मागणं होतं. आणि तिच्या बाबतीत ते सगळं त्या माठावर आणि माठ त्या झाडावर अवलंबून होता.

आता पुंजारामचं. त्याला स्वच्छ कपड्यांची फार हौस. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, डोक्यावर कडक टोपी. शुक्रवारच्या बाजारात तो उभा राहिला की दहा माणसांत उठून दिसायचा. कोणी तरी हमखास विचारायचं, "पुंजारामभाऊ, कपडे कुठी धुता गा?"

"घरी," तो ऐटीत सांगायचा, आणि मिशीवरून हात फिरवायचा. जणू घर म्हणजे कपडे आपोआप धुऊन निघणारी जागा.

नितेशचं लग्न झालं तेव्हा सीमा आली. ती अमरावतीची, राजापेठेत वाढलेली. पोरगी वाईट नाही. तिच्यासाठी नितेशनं वॉशिंग मशीन आणली. ती गरगर फिरू लागली आणि नवराबायकोचे कपडे त्यात जाऊ लागले. माहेरून येताना सीमानं सासूसाठी एक बाटलीही आणली. हिरवी बाटली, तिच्यावर रिठा, शिकेकाई, कडुनिंब असा सगळा बगीचा छापलेला.

"आत्याबाई, हे पूर्ण नैसर्गिक आहे. राजापेठेत सगळे हेच वापरतात."

आशाबाईनं सुनेचं मन राखायला ते वापरलं. तिसऱ्या धुण्याला पेरांवर चिरा. बाटलीवर पानं होती, आत काय होतं देव जाणे. बाईमाणसाला फसवायला आता साधं खोटं पुरत नाही, त्याच्यावर पानाफुलांचं चित्र काढावं लागतं, असं तिच्या मनात येऊन गेलं. सीमाला ती एवढंच म्हणाली, "लय वास मारते व." बाटली मशीनजवळ गेली.

हे असं सुरळीत चाललेलं असताना पांदणीचं निघालं.

ती पांदण म्हणजे पावसाळ्यात गुडघाभर चिखल. बैलगाडी रुतायची, ट्रॅक्टर फसायचा. त्या बाजूच्या शेतकऱ्यांनी ठरवलं की सरकारची वाट न पाहता आपणच जेसीबी लावू आणि उन्हाळ्यातच पांदण रुंद करून मुरूम टाकू. चांगलं काम. आशाबाईलाही ते पटलेलं होतं. मारुतीच्या सभामंडपात बैठक बसली. बैठकीला अर्थातच सगळे पुरुष. ज्या बाया त्या पांदणीनं रोज डोक्यावर भारे घेऊन येतात-जातात, त्यांना बोलवावं असं कोणाच्या स्वप्नातही आलं नाही.

बैठकीहून पुंजाराम खुशीत घरी आला. ताटावर बसला आणि भाकरीचा तुकडा मोडत सांगू लागला.

"आज म्या सगळ्याइच्या आंधी बोललो. म्हनलं, वळनावर ते हिंगन हाये, गाडीले आडवं येते. पयले ते काढा. माह्या धुऱ्यावर हाये, माही हरकत नाई. सगळे म्हनले, वा रे पुंजाराम, झाड देल्लं."

तव्यावर भाकरी होती. आशाबाईचा हात भाकरीवरच थांबला.

"कोनतं हिंगन?"

"हिंगन काय दहा हायेत का? ते वळनावरचं काटेरी."

"अन् तुमी हो म्हनलं?"

"म्हनलं ना. काय काम येते ते? ना सावली, ना लाकूड."

भाकरी करपायला लागली. सीमानं पुढे होऊन ती उलटवली. आशाबाई चुलीपाशी बसूनच म्हणाली,

"मले इचारलं काहून नाई?"

पुंजाराम हसला. खरंच हसला. "तुले काय इचाराचं त्याच्यात? झाड काय तुह्या बापानं आंदन देल्लं?"

"हा आंगावरचा सदरा," आशाबाईनं बोट दाखवलं, "कशानं धुतला, सांगा बरं."

"कशानं म्हंजे?" पुंजारामनं सदऱ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. त्याला प्रश्नच कळला नव्हता. "पान्यानं."

सीमानं तोंडावर पदर घेतला. नितेश ताटात पाहू लागला. आशाबाईला मात्र हसू आलं नाही. सासूनं ते पहिलं टोपलं आणल्यापासून दर वर्षी ती धुऱ्यावर गेली, छपरावर फळं वाळत पडली, न्हाणीजवळ तो माठ उभा राहिला. येता-जाता या माणसाचं ढोपर त्या माठाला लागायचं. आणि त्यानं एकदा, चुकूनसुद्धा, झाकण उचलून पाहिलं नव्हतं की यात काय आहे. गाईच्या डोळ्यांत पाणी आलं तर त्याला वावरातून कळतं. ढेपेची चव बदलली तर त्याला कळते. बायकोचे हात मात्र त्याला दिसले नाहीत.

तिनं सगळं सांगितलं. चिरा, मलम, सासूनं आणलेलं पहिलं टोपलं. तो ऐकून घेत होता, पण त्याचं तोंड हळूहळू आंबट होत गेलं. चूक कळली की काही माणसं ओशाळतात आणि काही रागावतात. पुंजाराम दुसऱ्या जातीचा.

"मंग आंधी सांगाचं नाई? आता लोकाइसमोर शब्द देल्ला म्या. आता काय जाऊन सांगू, माही बायको हिंगनानं कपडे धुते? हसतीन लोकं."

"हसू द्या."

"तुह्यासाठी पांदन थांबवू काय? पावडर आन, मशीन हाये, पोरगी हाये."

"हो आत्याबाई," सीमा पटकन म्हणाली. तिला भांडण मिटवायचं होतं. "उद्यापासून तुमचं लुगडं मीच टाकत जाईन मशीनमध्ये. तुम्ही हातच लावू नका."

बिचारी चांगल्या मनानं बोलली. पण आशाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं की सीमा दोन पावलं मागे सरली. सुनेला काय कळणार? तिनं जे प्रेमानं पुढे केलं होतं, ते आशाबाईला अंथरूण घालून दिल्यासारखं वाटलं होतं.

नितेश अकोटच्या जिनिंगात कामाला. तो शहाणा मुलगा, सगळ्यांना खूश ठेवणारा. तो म्हणाला, "माय, रिठा चालते ना तुले? मी अकोल्याहून पोतंभर रिठा आनून देतो. झाडाचं काय घेऊन बसली?"

"रिठा चालते," आशाबाई म्हणाली. "लय चांगला असते रिठा. पन रिठा आनाले मले कोनाले तरी सांगा लागन. नितेश, रिठा सरला. नितेश, आनला का? नितेश, इसरला का? हिंगनाले मले कोनाले सांगा लागत नाई. मी जातो, मी येचतो, मी धुतो."

पुंजाराम हात धुवायला उठला. जाताना त्याचं ढोपर माठाला लागलं. त्यानं माठाकडे पाहिलं, पण थांबला नाही.

पुढचे दिवस आशाबाई घरात कोणाशी नीट बोलली नाही. काम सगळं करायची, पण भांडी आपटायची. शकुननं विचारलं तेव्हा तिनं सगळी हकीगत सांगितली. शकुन म्हणाली, "माह्याबी घरी तसंच व. बोरीचं झाड तोडलं, मंग इचारते बोरं कुठी हायेत." मग म्हणाली, "तू आता काय करशीन? मानसाइनं ठरवलं म्हंजे ठरलं." हे शकुन सहानुभूतीनं बोलली होती, पण आशाबाईच्या डोक्यात ते ठिणगीसारखं पडलं. माणसांनी ठरवलं म्हणजे ठरलं!

जेसीबी यायच्या दिवशी आशाबाई उजाडायच्या आधी उठली. घरातले पुंजारामचे होते नव्हते तेवढे कपडे तिनं गोळा केले. सदरे, पायजमे, टोप्या, दुपट्टे, बनियन. मागे राहिलं ते फक्त त्याच्या अंगावरचं आणि उशाशी एक दुपट्टा. त्या गाठोड्यात तिनं आपलं एक लुगडं घातलं. हिरवं, नऊवारी, काठाचं, सणावाराला नेसायचं. रात्रीच भिजत घातलेलं हिंगणाचं पाणी कळशीत ओतून घेतलं आणि ती वावरातल्या विहिरीवर गेली. मोटार सुरू केली. विहिरीवरच्या दगडावर तिनं एकेक कपडा धुतला, पिळला, घमेल्यात भरला आणि हिंगणाखाली नेला. मग ते कपडे तिनं झाडावर वाळत घातले.

हिंगणावर कपडे कोणी वाळत घालत नाही. काट्यात अडकतात. हळूहळू, एकेक काटा सोडवत काढावे लागतात, नाहीतर फाटतात. हे तिला ठाऊक होतं. सदरे, पायजमे तिनं खालच्या फांद्यांवर घातले. टोप्या काट्यांच्या टोकांवर टांगल्या. शेवटी हिरवं लुगडं घेतलं आणि फांदीफांदीवरून नेत नेत सगळ्या झाडाला गुंडाळलं. काटा लागला की कापड बारीक टरकायचं. प्रत्येक वेळी तिचं मन कळवळायचं, पण हात थांबला नाही. मग ती धुऱ्यावर बसली.

जेसीबी आली. चालवणारा अंकुर नावाचा मोर्शीकडचा तरुण. त्यानं मशीन झाडापाशी आणली, पाहिलं आणि बंद केली.

"मावशी, कपडे काढून घ्या ना. झाड पाडाचं हाये."

"वाळले नाईत अजून."

"मंग दुसरीकडे घाला."

"तू काढ, बापा. मी म्हातारी हावो."

अंकुर खाली उतरला. एका टोपीला हात घातला, ती काढली. मग त्याची नजर वर गेली आणि तो चपापला. "मावशी, तुमचं लुगडं हाये वरतं. मी कसा हात लावू?"

परक्या बाईच्या लुगड्याला हात लावायचा नाही, एवढं मोर्शीच्या पोरालाही आईनं शिकवलेलं होतं. तो टोपी परत काट्यावर अडकवून मशीनवर जाऊन बसला.

हळूहळू बाकीचे शेतकरी जमले. आले, पाहिलं, लांबच उभे राहिले. सगळी मोठी माणसं, मिशाळ, पण लुगड्याकडे सरळ पाहायलाही कोणी तयार नाही. झाड तोडायला सगळे एका पायावर तयार होते. त्यावरचं लुगडं काढायला एकही पुढे येईना. कोणी तरी घराकडे माणूस धाडला.

पुंजाराम आला तो बनियनवर, खाली कालचा मळका पायजमा, डोक्यावर दुपट्टा गुंडाळलेला. बाकी त्याची सगळी शान झाडावर होती.

"पुंजारामभाऊ," एक जण म्हणाला, "आज कापडाचं दुकान लावलं का गा?"

"नाई बा, भाऊनं झाड देल्लं ना, त्याले आहेर केला," दुसरा म्हणाला.

पुंजारामचा चेहरा लाल झाला. तो तडक आशाबाईजवळ आला आणि दातओठ खात हळू म्हणाला, "घरी चाल."

"कपडे वाळू द्या."

"लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या," आशाबाईनं आवाज मुळीच कमी केला नाही. "बाजारात इचारतात ना, भाऊ कपडे कुठी धुता? त्याइले पाहू द्या कुठी धुतात अन् कशानं धुतात. याच झाडाचं पानी हाये. तुमची पांढरी टोपी याच काट्यानं पांढरी केली."

माणसांत खुसखुस झाली, मग थांबली.

पुंजारामनं रागानं आपला एक सदरा ओढला. टर्र आवाज झाला. बाहीपासून बगलेपर्यंत फाटला. दुसरा त्यानं जपून काढला. मग लुगड्याशी आला. काठाला हात घातला. इकडून ओढलं तर तिकडे अडकलेलं, तिकडून सोडवलं तर वर अडकलेलं. ज्या माणसानं जन्मात कधी बायकोचं ओलं लुगडं पिळलं नाही की दोरीवर टाकलं नाही, त्याला ते कुठून सुरू होतं हेच कळेना. तो झाडाभोवती फिरला. एक काटा त्याच्या तळव्यात गेला. जमलेली माणसं आता जमिनीकडे पाहत होती, कारण एका नवऱ्याला चारचौघांत बायकोचं लुगडं हाताळताना पाहणं हेही रीतीत बसत नव्हतं.

"याचं टोक कुठी हाये व?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

"हुडका," आशाबाई म्हणाली.

तो तसाच उभा राहिला. हातात लुगड्याचा काठ, तळव्याला रक्त. आशाबाईला ते रक्त दिसलं. क्षणभर तिच्या जिवाला लागलं, आणि पुढच्याच क्षणी वाटलं, माझं किती गेलं ते कोणी पाहिलं?

शेवटी शकुनचा नवरा, जो एरवी कधी बैठकीत तोंड उघडत नाही, म्हणाला, "पुंजाराम, सोड बावा. पांदन तुह्या बाजूनं वळव थोडी. जमीन जाईन तुही जराशी, पन हे लुगडं काई निंगत नाई."

पुंजारामनं एकदा आपल्या वावराकडे पाहिलं. काळी, नांगरून ठेवलेली जमीन. शेतकऱ्याला एक हात जमीन सोडणं म्हणजे काय, ते आशाबाईलाही ठाऊक होतं. तिला वाटलं, आता हा लुगडंच ओढून फाडणार. पण त्यानं काठ सोडला, दुपट्टा झटकला आणि अंकुरला ओरडून म्हणाला, "घे माह्या वावरातून. काय पाहून राहिला? घे!"

हे तो रागानंच बोलला. प्रेमानं नाही. पण मशीन वळली, वावराच्या कोपऱ्यातून गेली आणि झाड राहिलं.

इथंच हे संपलं असतं तर आशाबाईचा राग कदाचित निवला असता. पण पुढे जे झालं त्यानं तो दुप्पट झाला.

पावसाळ्याआधी पांदण तयार झाली. नारळ फोडायला तालुक्याहून एक पुढारी आले. माईक लागला. पुढाऱ्यांना कोणी तरी कानात काही सांगितलं असावं, कारण भाषणात ते म्हणाले, "एक झाड वाचवण्यासाठी ज्यांनी स्वतःची सोन्यासारखी जमीन दिली, असे वृक्षप्रेमी शेतकरी, आपले पुंजारामभाऊ!" टाळ्या पडल्या. पुंजारामला पुढे बोलावलं. अंगावर शाल, हातात नारळ, कपाळाला गुलाल. पुंजाराम हात जोडून उभा. एक शब्द बोलला नाही. "हे माह्या बायकोनं केलं" एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण तो बोलला नाही. बैठकीत झाड द्यायला सगळ्यांच्या आधी तोंड उघडलं होतं, तेच तोंड आता मिटून घेतलं.

बायांच्या घोळक्यात मागे उभ्या असलेल्या आशाबाईला शकुननं कोपर मारलं. "काय व, तुहा नवरा तं लय मोठा झाला."

"मोठा झाला!" आशाबाई म्हणाली. तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. "लुगडं माहं फाटलं, शाल त्याले!"

संध्याकाळपर्यंत नितेशनं बापाचा शालीतला फोटो मोबाईलच्या स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं होतं, 'बाबांचा अभिमान.' सीमानं तो सासूला दाखवला आणि दाखवल्या दाखवल्या तिलाच कसंतरी झालं. "मी सांगते त्यांना काढायला," ती म्हणाली. पोरीला निदान एवढं कळलं होतं.

रात्रीचं जेवण झालं. पुंजारामनं शाल काढली आणि नेहमीसारखी आशाबाईच्या पुढ्यात टाकली.

"गुलाल लागला तिले. धुऊन ठेव."

आशाबाईनं शाल उचलली, घडी केली आणि त्याच्या मांडीवर परत ठेवली.

"तुमची शाल. तुमी धुवा."

त्यानं शाल उचलली. मग उठला, न्हाणीत गेला. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "पोरी, ते पावडर कुठी ठेवता व तुमी?"

सीमा ओट्याशी भांडी लावत होती. तिनं मान वर केली नाही. "मला नाही माहीत, मामाजी. आत्याबाईंना विचारा."

पुंजाराम शाल हातात घेऊन न्हाणीच्या दारात उभा राहिला. बायकोकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं. कोणी त्याला मदत करीना. शेवटी तो खाकरला.

"कशानं धू?"

आशाबाईनं बसल्या जागेवरून माठाकडे बोट केलं. दोन मुठी घ्या, पाण्यात टाका, रात्रभर राहू द्या, सकाळी कुस्करा, फडक्यातून गाळा. एवढं सांगितलं. उठली नाही.

सकाळी त्यानं धुतली. गाळायचं विसरला. गर कुस्करताना पाणी डोळ्यात उडालं, तेव्हा डोळा चोळत अंगणभर नाचला. आशाबाई ओट्यावर बसून तूर निवडत होती. ती हसली नाही आणि डोळ्यावर पाणी मारायला गेली नाही. सीमा गेली. शाल वाळली तेव्हा गुलाल बऱ्यापैकी गेला होता, पण त्या जागी तपकिरी डाग उठले होते. ते आता जाणार नव्हते. आशाबाईचं हिरवं लुगडंही दोरीवर होतं, तिनं स्वतः पिळलेलं, काट्यांची भोकं तशीच ठेवलेलं. ती रफू करायला तिचे हात चांगले होते. तिनं मुद्दाम केली नाहीत.

पुढली थंडी सरता सरता पुंजाराम तीच शाल अंगावर घेऊन ओसरीवर बसला होता. बाजारातला एक ओळखीचा माणूस आला. चहा झाला. त्यानं शालीकडे पाहून विचारलं, "भाऊ, तुमचे कपडे म्हंजे कसे असतात! अन् हे डाग कशाचे गा?"

पुंजारामनं एका डागावर बोट ठेवलं. "हिंगनाचे," तो म्हणाला.

"हिंगनानं कोन धुते आता?"

पुंजाराम मिशीवरून हात फिरवू लागला.

"सांगा ना आता," आत माठात नवी फळं भरता भरता आशाबाई म्हणाली. "इचारून राह्यले ते तुमाले."